वऱ्हाडचा भूगोल आणि हवामान: आपले वावर कोणत्या पट्ट्यात आहे, हे आधी ओळखा

चिखलदऱ्याहून सकाळी निघालेली गाडी परतवाडा, अंजनगाव, दर्यापूर, मूर्तिजापूर करत दुपारपर्यंत बार्शीटाकळीला पोहोचते. अमरावती आणि अकोला या दोनच जिल्ह्यांतला हा प्रवास आहे. पण एवढ्या अंतरात जमीन, पाणी आणि हवा तीन-चार वेळा पूर्णपणे बदलते. वर कॉफीचे झुडूप वाढते. घाट उतरला की संत्रा आणि केळी दिसतात. तासाभराने अशी काळी जमीन लागते, जिथे विहिरीला पाणी आहे पण ते पिकाला देता येत नाही. आणखी दक्षिणेला गेले की मुरमाड टेकड्या सुरू होतात.

तरीही पेरणीच्या तोंडावर आपण बरेचदा दुसऱ्याचे पाहून ठरवतो. वरुडकडच्या पाहुण्याची संत्र्याची बाग पाहून दर्यापूरकडे कलमे आणली जातात. शेजारच्या तालुक्यात बोअरच्या पाण्यावर हरभरा चांगला झाला म्हणून खारपाणपट्ट्यातही बोअर घेतले जाते. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि त्याच्या जमिनीत तो सल्ला खराही ठरलेला असतो. फक्त त्याची जमीन वेगळी असते. चुकीच्या जागी लावलेली बाग पाच-सहा वर्षांनी वाळते आणि खाऱ्या पाण्याने बिघडलेली जमीन सुधारायला त्याहून जास्त काळ लागतो. म्हणून वाण, खत आणि फवारणी यांच्या आधीचा प्रश्न हा आहे: आपले वावर वऱ्हाडच्या कोणत्या पट्ट्यात येते?

वऱ्हाडची जडणघडण

जुन्या काळापासून वऱ्हाडचे तीन भाग सांगितले जातात. उत्तरेला सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगांतला मेळघाट, मध्ये पूर्णा नदीच्या खोऱ्यातला सखल पायनघाट आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगांचा पठारी बालाघाट. शेतीच्या दृष्टीने यात आणखी दोन पट्टे वेगळे काढावे लागतात. एक म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा आणि दुसरा पूर्वेकडचा वर्धा नदीचा पट्टा.

पाण्याची वाट पाहिली की हे चित्र स्पष्ट होते. पूर्णा नदी मध्य प्रदेशातल्या बैतुल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पश्चिमेला वाहते आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. वर्धा नदीही बैतुल जिल्ह्यातच, मुलताईजवळ उगम पावते. ती मात्र अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून दक्षिणेला जाते आणि तिचे पाणी पुढे गोदावरीत पोहोचते. म्हणजे अमरावती जिल्ह्यात दर्यापूरला पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे जातो आणि मोर्शीला पडलेला बंगालच्या उपसागराकडे. एकाच जिल्ह्यातल्या दोन तालुक्यांना एकच पीक सल्ला का लागू होत नाही, याचे मूळ इथे आहे.

१. मेळघाट: उंची आणि उतार

चिखलदरा आणि धारणी हे तालुके या भागात येतात. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. पायथ्याचे परतवाडा साडेतीनशे ते चारशे मीटरवर आहे. हवा साधारणपणे दर हजार मीटरला सहा अंशांनी थंड होते. त्यामुळे मे महिन्यात परतवाड्याला ऊन असह्य होते तेव्हाही वर चार-पाच अंश कमी असतात.

उंचीने काय फरक पडतो, याचे मोठे उदाहरण केनियाचे आहे. त्या देशातून विषुववृत्त जाते. किनाऱ्यावरचे मोंबासा वर्षभर उष्ण आणि दमट असते, तर साधारण १,७०० मीटर उंचीवरच्या नैरोबीत हवा सौम्य असते. केरिचोसारख्या त्याहून उंच भागात चहाचे मळे आहेत. विषुववृत्ताजवळ उन्हाळा-हिवाळ्याचा फरक कमी असतो, म्हणून तिथे कोणते पीक कुठे येईल हे मुख्यतः उंची आणि पाऊस ठरवतात. आपल्याकडे ऋतूंचा फरक मोठा आहे, पण उंचीचा नियम तोच आहे. म्हणून ब्रिटिश काळात लावलेली कॉफी चिखलदऱ्यात टिकली आणि मोथ्यासारख्या गावांत हिवाळ्यात स्ट्रॉबेरी घेता येऊ लागली. ही पिके खाली अकोल्यात आणून उपयोग नाही.

चिखलदऱ्याला वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तरी उन्हाळ्यात मेळघाटातल्या गावांना पाणी कमी पडते, कारण उतार तीव्र आणि माती पातळ आहे. पाऊस पडतो आणि सिपना, गडगा यांसारख्या नद्यांतून तापीकडे निघून जातो. त्याच्यासोबत मातीही जाते.

या भागासाठी:
• पेरणी आणि डवरणी उताराला आडवी करावी. उतारावर उभी पेरणी म्हणजे पाण्याला वाट करून देणे.
• कोदो, कुटकी, सावा ही पिके इथल्या कोरकू शेतकऱ्यांनी पातळ, हलक्या जमिनीसाठीच सांभाळली आहेत. सोयाबीनच्या मागे लागून ती पूर्ण सोडू नयेत.
• दरीच्या तोंडाशी आणि नाल्याकाठी असलेल्या खोल मातीतच भात आणि गहू घ्यावा.

२. सातपुड्याचा पायथा: गोड्या पाण्याचा पट्टा

अचलपूर, चांदूर बाजार, अंजनगाव सुर्जी, अकोट आणि तेल्हारा या तालुक्यांचा उत्तरेकडचा भाग डोंगराला लागून आहे. डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या नद्या सपाटीवर आल्या की त्यांचा वेग कमी होतो आणि त्या आपल्यासोबतचे गोटे, वाळू आणि जाड रेती इथे टाकतात. हजारो वर्षे साचलेल्या या थरातून पाणी सहज झिरपते. म्हणून इथले भूजल गोडे आहे आणि जमिनीचा निचरा चांगला आहे.

संत्रा, केळी आणि पानमळे या पट्ट्यात का आहेत, याचे उत्तर हेच. अंजनगाव, अकोट आणि तेल्हारा भागात पानपिंपळी हे औषधी पीक पिढ्यानपिढ्या घेतले जाते. पानपिंपळीचा वेल दमट, सावलीच्या हवेचा आहे आणि वऱ्हाडचा उन्हाळा कोरडा आणि भाजणारा. तरीही पांगारा, शेवरी यांसारख्या झाडांची दाट सावली आणि वारंवार गोडे पाणी देऊन इथल्या शेतकऱ्यांनी वावरापुरती हवाच बदलून घेतली. चांगल्या निचऱ्याची जमीन आणि गोडे पाणी नसते तर हे जमले नसते.

या पट्ट्याला धोका आहे तो उपशाचा. झिरपण्याची जागाही हीच आणि उपसा करण्याची जागाही हीच. डोंगराच्या पायथ्याशी नाल्यांवर पाणी अडवले, विहिरींचे पुनर्भरण केले तर त्याचा फायदा थेट दिसतो. नवीन बाग लावण्याआधी एप्रिल-मे महिन्यात विहिरीत किती पाणी उरते ते पाहावे. ऑक्टोबरचे पाणी पाहून बागेचे क्षेत्र ठरवू नये.

३. खारपाणपट्टा: पाणी असून कोरडवाहू

पायथ्याकडून दक्षिणेला उतरत गेले की जमीन सपाट, काळी आणि खोल होत जाते. भातकुली, दर्यापूर, अंजनगावचा दक्षिण भाग, मूर्तिजापूर, अकोट आणि तेल्हाऱ्याचे दक्षिणेकडचे क्षेत्र, अकोला, बाळापूर आणि पुढे बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, नांदुरापर्यंत हा पट्टा जातो. सुमारे नऊशे गावे आणि साधारण ४.७ लाख हेक्टर क्षेत्र यात येते.

इथे नेमके काय घडते, ते नीट समजून घ्यावे.

पूर्णेचे खोरे हे सातपुडा आणि दक्षिणेकडचे पठार यांच्यामधला खोलगट भाग आहे. त्यात गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर साचले आहेत. वरची माती बारीक चिकण मातीची आहे. ही माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातली छिद्रे बंद होतात. नदीला उतार फार कमी, त्यामुळे जमिनीखालचे पाणी पुढे सरकत नाही. त्यात हवामानाची भर पडते. इथे पाऊस साडेसातशे-आठशे मिलिमीटर पडतो, पण वर्षभरात होऊ शकणारे बाष्पीभवन त्याच्या दुपटीहून अधिक आहे. क्षार खाली धुऊन जाण्याइतका पाऊस नाही आणि धुतलेले क्षार वाहून नेण्याइतका निचरा नाही. अशा कोरड्या हवेत मातीतले कॅल्शियम चुनखडीच्या रूपात घट्ट बसते आणि मातीच्या कणांवर सोडियमचे प्रमाण वाढत जाते.

सोडियम वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, विस्कटतात. पावसानंतर वावर चिकट होते, पाणी साचते आणि वाफसा उशिरा येतो. उघडीप पडली की तीच माती दगडासारखी घट्ट होते आणि रुंद भेगा पडतात. म्हणून या भागात एकाच हंगामात पिकाला आधी पाणी जास्त होते आणि पुढे कमी पडते.

बऱ्याच ठिकाणी वावरात वर पांढरा थर दिसत नाही, त्यामुळे आपली जमीन खारवट नाही असा समज होतो. दोष खालच्या थरात असतो. फक्त वरच्या वीतभर मातीचा नमुना दिला तर अहवाल बरा येतो आणि फसगत होते. इथे एक, दोन आणि तीन फुटांवरचे वेगवेगळे नमुने द्यावेत.

बोअरच्या पाण्याचा मोह

भूजल खारे असल्यामुळे या भागातल्या गावांना पिण्याचे पाणीही दूरच्या धरणांतून आणावे लागते. वान धरणावरची ८४ खेडी योजना त्याचे ठळक उदाहरण. असे असूनही रब्बीत हरभरा सुकू लागला की बोअरचे पाणी तुषार सिंचनाने देण्याचा मोह होतो. पहिल्या वर्षी पीक हिरवे दिसते आणि उत्पादनही येते. पण पाणी उडून जाते आणि त्यातला सोडियम मातीत राहतो. दोन-तीन हंगामांत पाणी मुरणे कमी होते, पावसाळ्यात पाणी जास्त दिवस साचते आणि उगवण विरळ होऊ लागते. हरभरा आणि मूग ही पिके तर क्षारांना मुळातच नाजूक आहेत.

पाणी परीक्षणाच्या अहवालात दोन आकडे आधी पाहावेत:
• विद्युत वाहकता (ईसी): ०.७५ पर्यंत साधारण ठीक. ०.७५ ते २.२५ डेसीसायमन प्रति मीटर म्हणजे क्षार जास्त. २.२५ च्या पुढे भारी काळ्या जमिनीला देऊच नये.
• अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (आरएससी): १.२५ पेक्षा कमी सुरक्षित. २.५ पेक्षा जास्त असल्यास ते पाणी सिंचनाला अयोग्य.
ईसी कमी पण आरएससी जास्त असलेले पाणी चवीला फारसे खारट लागत नाही. जमिनीला मात्र तेच जास्त बाधते.

शेततळ्याचा हिशेब

खारपाणपट्ट्यात गोडे पाणी एकच आहे, ते पावसाचे. जी चिकण माती निचरा होऊ देत नाही तीच माती शेततळ्यात पाणी धरून ठेवते. त्यामुळे इथे बहुतेक ठिकाणी प्लॅस्टिकच्या अस्तराशिवायही तळे काम देते. मात्र खोदताना खाऱ्या थरापर्यंत जाऊ नये.

३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात सुमारे २,२०० घनमीटर, म्हणजे २२ लाख लिटर पाणी मावते. एका एकरावर ५० मिलिमीटरचे एक ओलित द्यायला सुमारे दोन लाख लिटर लागतात. बाष्पीभवन आणि झिरप्यात निम्मे पाणी गेले असे धरले तरी पाच एकरांना एक संरक्षित ओलित मिळते. ऑगस्टच्या खंडात सोयाबीनला किंवा फुलोऱ्यापूर्वी हरभऱ्याला मिळालेले हे एक पाणी हंगाम वाचवू शकते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात या पट्ट्यातली गावे घेतली गेली, त्यामागेही हाच विचार होता.

या भागासाठी:
• कपाशी, तूर, मूग, उडीद आणि ओलाव्यावरचा हरभरा हीच पीकपद्धती मुख्य ठेवावी. कपाशी क्षार बऱ्यापैकी सहन करते, त्यातही देशी कपाशी अधिक काटक आहे.
• पेरणी रुंद सरी-वरंबा (बीबीएफ) पद्धतीने करावी. जास्त पावसात सरी पाणी काढते आणि खंडात तीच ओल धरते.
• जिप्सम माती परीक्षणाच्या अहवालानुसारच, पावसाळ्यापूर्वी द्यावे आणि वरच्या थरात मिसळावे. जिप्समने सुटा झालेला सोडियम धुऊन जायला पाऊस आणि सरी दोन्ही लागतात. निचऱ्याची सोय न करता टाकलेले जिप्सम वाया जाते.
• धैंचा किंवा ताग फुलोऱ्याआधी गाडावा.
• संत्रा, केळी यांसारखी निचऱ्याला नाजूक पिके टाळावीत.

४. दक्षिणेचा चढ: बरड जमीन

पातूर, बार्शीटाकळी आणि बाळापूरचा दक्षिण भाग तसेच अमरावती जिल्ह्यातले नांदगाव खंडेश्वर आणि चांदूर रेल्वेचे उंच-सखल क्षेत्र यांचा स्वभाव वेगळा आहे. इथे खाली काळा पाषाण, वर मुरूम आणि त्यावर हलकी ते मध्यम माती आहे. पाणी गोडे आहे, पण खडकात साठा मर्यादित असतो. काटेपूर्णा, मोर्णा, मन, निर्गुणा या नद्या याच बाजूने पूर्णेला मिळतात. अकोला शहराला पाणी देणारे महानचे धरण काटेपूर्णेवरच आहे.

या जमिनीचा प्रश्न ओल धरण्याचा आहे. ढोबळ हिशेब असा: फूटभर खोल मुरमाड जमीन पिकाला उपयोगी पडेल अशी साधारण ४० ते ५० मिलिमीटर ओल धरते. वाढीतले सोयाबीन दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी घेते. म्हणजे पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांत पीक माना टाकते. मीटरभर खोल, चांगल्या निचऱ्याची काळी जमीन मात्र १५० मिलिमीटरहून अधिक ओल धरते आणि तीन-चार आठवडे पीक तगवते. खंड तोच, दिवस तेवढेच, पण परिणाम दोन टोकांचे.

या भागासाठी:
• लवकर येणारे वाण निवडावेत. सोयाबीनमध्ये पीडीकेव्ही अंबा किंवा जेएस २०-३४, तुरीत बीडीएन ७११ असे पर्याय पाहता येतात.
• सोयाबीन-तूर आंतरपीक घ्यावे, म्हणजे खंडात एक गेले तरी दुसरे उभे राहते.
• चांगल्या निचऱ्याच्या मध्यम जमिनीत कागदी लिंबू चांगले येते. बाळापूर तालुक्यातल्या वाडेगावचा लिंबू त्यामुळेच नावाजला आहे.

५. वर्धेचा पट्टा: संत्र्याचे घर

वरुड, मोर्शी, तिवसा आणि धामणगाव रेल्वे हे तालुके वर्धा नदीच्या बाजूला आहेत. वरुड-मोर्शीला मध्यम खोलीची, निचऱ्याची जमीन आणि गोडे भूजल मिळाले आणि संत्रा तिथे रुजला. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे.

संत्र्याला ओल लागते, पण मुळाशी साचलेले पाणी चालत नाही. बहार धरण्यासाठी झाडाला ताण द्यावा लागतो. मध्यम जमिनीत पाणी तोडले की ताण बसतो. खोल चिकण जमीन ओल सोडत नाही, ताण नीट बसत नाही आणि पावसाळ्यात मुळे गुदमरून डिंक्याचा प्रादुर्भाव वाढतो. चुनखडी १० टक्क्यांपेक्षा जास्त असलेल्या जमिनीत झाडे पिवळी पडतात. म्हणून खड्डे घेण्याआधी तीन-चार फूट खोल खड्डा करून खालचा थर पाहावा. वरची माती पाहून बाग ठरवू नये.

या पट्ट्यालाही मर्यादा आहे. वरुड तालुका भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत मोडतो. बोअर शेकडो फूट खोल गेले आहेत आणि उन्हाळ्यात आंबिया बहाराची फळे टिकवताना शेतकऱ्यांची दमछाक होते. आहे त्या पाण्यात झाडांची संख्या किती ठेवायची, हा इथला खरा प्रश्न आहे. ठिबक, आच्छादन आणि विहीर पुनर्भरण याशिवाय बागेचे क्षेत्र वाढवणे धोक्याचे आहे.

पाऊस कुठून येतो आणि का दडी मारतो

अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीवर मोठ्या प्रमाणात रिते होते. वऱ्हाडापर्यंत येईस्तोवर त्याचा जोर कमी होतो. आपल्या मोठ्या पावसाचा बराच भाग बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर अवलंबून असतो. ही क्षेत्रे पूर्वेकडून येतात, म्हणून विदर्भात पूर्वेला पाऊस जास्त आणि पश्चिमेला कमी होत जातो. गोंदिया भागात तो हजार-बाराशे मिलिमीटरच्या पुढे जातो, अमरावती जिल्ह्याच्या सपाट भागात साडेआठशेच्या आसपास असतो आणि अकोल्यात त्याहूनही कमी. उपसागरात क्षेत्रे तयार झाली नाहीत किंवा ती उत्तरेकडे वळली की आपल्याकडे खंड पडतो.

यात विषुववृत्ताकडच्या समुद्राचाही हात असतो. प्रशांत महासागराचे विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले की त्याला एल निनो म्हणतात. अशा वर्षी भारतात मॉन्सून कमजोर राहण्याची शक्यता वाढते. २०२३ साली एल निनो होता आणि त्या वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पण १९९७ साली एल निनो तीव्र असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका झाला होता. म्हणून एल निनोची बातमी ऐकून पेरणी रद्द करायची नसते, तयारी बदलायची असते. बरड जमिनीवर लवकर येणारे वाण आणि आंतरपीक वाढवावे, तर खारपाणपट्ट्यात शेततळ्यातला गाळ मे महिन्यातच काढून घ्यावा.

पेरणीबाबत नियम जुनाच आहे. मृगाच्या पहिल्या सरीवर पेरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरावे. जूनमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. पाऊस थांबला की वरची दोन बोटे माती दोन दिवसांत कोरडी होते आणि उगवलेले कोंब करपतात. दुबार पेरणीचा खर्च नवीन बियाण्यावर होतो आणि हंगामाचे दिवसही कमी होतात. मूग-उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येते, त्यामुळे आठ दिवस थांबल्याने नुकसान होत नाही.

आपले वावर कोणत्या पट्ट्यात? घरच्या घरी तपासा

तालुक्याच्या नावावरून अंदाज येतो, पण अंजनगाव, अकोट आणि बाळापूर यांसारख्या तालुक्यांत दोन-दोन पट्टे आहेत. कधी एकाच शिवारात धुऱ्याच्या अलीकडे-पलीकडे जमीन बदलते. म्हणून पुढील पाहणी मे महिन्यात करून घ्यावी:

• तीन फूट खड्डा: मुरूम किती फुटांवर लागतो, चुनखडीचे पांढरे खडे कुठून सुरू होतात, खालची माती ओलसर-चिकट आहे का, हे लिहून ठेवा.
• ढेकळाची चाचणी: वरच्या आणि दोन फुटांवरच्या मातीचे एकेक कोरडे, लहान ढेकूळ काचेच्या ग्लासात साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद ठेवा. ग्लास हलवू नका. दुसऱ्या दिवशी ढेकळाभोवती पाणी दुधाळ गढूळ झाले असेल तर मातीत सोडियम जास्त असण्याची शक्यता आहे. पाणी नितळ राहिले तर बरे लक्षण. ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही, पण नमुना नेमका कुठला द्यायचा हे सांगते.
• वाफशाचे दिवस: चांगल्या पावसानंतर किती दिवसांनी डवरा चालवता येतो, याची पावसाळ्यात नोंद ठेवा. दोन-तीन दिवस म्हणजे निचरा चांगला. आठ दिवस लागत असतील तर आधी निचऱ्याची सोय करा.
• पाण्याचा नमुना: विहीर-बोअरचे पाणी मे महिन्यात तपासा, तेव्हा क्षार सर्वांत जास्त असतात.
• मातीचा अहवाल: सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर जमीन चोपण समजतात. आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत मात्र त्याहून कमी सोडियमनेही निचरा बिघडतो. म्हणून आकडा १५ च्या खाली आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

ही माहिती एका वहीत गटनिहाय लिहून ठेवा आणि अहवाल घेऊन कृषी सहायक, जवळचे कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना भेटा. "कोणते पीक लावू?" असे विचारले तर सर्वसाधारण उत्तर मिळते. "दोन फुटांवर चुनखडी आहे, वाफसा आठ दिवसांनी येतो, पाण्याचा ईसी अडीच आहे, आता काय लावू?" असे विचारले तर आपल्या वावराचे उत्तर मिळते.

पाहुण्याची बाग जरूर पाहा, शेजाऱ्याचा अनुभवही ऐका. पण पुढच्या खेपेला त्यांना उत्पादनाच्या आधी हे विचारा: तुमच्याकडे मुरूम किती फुटांवर लागतो, आणि विहिरीचे पाणी गोडे आहे का?